जुनी लष्करी विमानं : जतन आणि पुनर्बांधणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं मुख्यतः दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली पिस्टन इंजिनाची विमानं आणि त्यानंतरची सुरुवातीची जेट विमानं यांना धरून आहेत. तुमच्या विमानाची अधिकृत दुरुस्ती-पुस्तिका याहून वेगळं काही सांगत असेल, तर पुस्तिकेचं ऐका.

विमान नुकतंच ताब्यात आलंय. सुरुवात कुठून करू?

धुवायचं नाही, घासायचं नाही आणि इंजिन फिरवून तर मुळीच बघायचं नाही. आधी आत साठलेलं पाणी बाहेर काढायचं. विमानाच्या पोटाशी, पंखांच्या मागच्या कडेला आणि शेपटीच्या टोकाला निचऱ्याची छोटी भोकं असतात. बहुतेक वेळा ती रंगाने, मातीने किंवा कोणी हौसेने भरलेल्या पुट्टीने बुजलेली असतात. लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या काडीने ती मोकळी करा. पोलादी तारेने टोकरलं तर पत्र्यावरचा संरक्षक थर खरवडला जातो.

मग घरटी. उंदरांचं मूत्र आणि पक्ष्यांची विष्ठा अॅल्युमिनियम खाते, त्यामुळे ती काढावीच लागतात. पण मास्क लावून, आणि निघालेला केर चाळणीतून चाळूनच टाकायचा. पितळी स्क्रू, सूचनापट्टीचे तुकडे, कधी वैमानिकाच्या हातची पेन्सिलीची चिठ्ठी अशा वस्तू त्याच केरात सापडतात.

बॅटरी असेल तर काढा. शिसे-आम्लाची बॅटरी गळली असेल तर ती जागा खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसायची. निकेल-कॅडमियमची असेल तर बोरिक आम्लाच्या सौम्य द्रावणाने, कारण ती अल्कधर्मी असते. या दोन्हींची उलटापालट केली तर गळती शमत नाही.

हे सगळं पुढच्या प्रश्नाचं उत्तर वाचून झाल्यावर.

हात लावण्याआधी कशाची भीती बाळगायची?

जेट विमान असेल तर पहिला क्रमांक इजेक्शन सीटचा, म्हणजे संकटात वैमानिकाला विमानाबाहेर फेकणाऱ्या आसनाचा. आसनाखालचं मुख्य काडतूस, पॅराशूट उघडणारी छोटी काडतुसं, कॅनॉपी (कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण) उडवणारी किंवा तिची काच फोडणारी स्फोटक दोरी, पंखाखालचे भार सोडणारी काडतुसं, इंजिनाच्या अग्निशामक बाटल्यांची काडतुसं, यातलं एकेक ‘निकामी’ झाल्याचा लेखी दाखला हातात येईपर्यंत कोणीही कॉकपिटमध्ये डोकावायचं नाही. ‘विमान निवृत्त आहे म्हणजे सीट रिकामीच असेल’ हे गृहीतक जीवघेणं आहे. सुरक्षा पिना लावल्या म्हणजे सीट निकामी झाली असं नाही. पिना फक्त चाप रोखतात, दारू आतच असते. हे काम त्या सीटचं प्रशिक्षण घेतलेल्या माणसाचंच.

दुसरं रेडियम. युद्धकाळातल्या कित्येक उपकरणांच्या तबकड्या अंधारात दिसाव्यात म्हणून रेडियम-२२६ मिसळलेल्या रंगाने रंगवलेल्या असतात. त्या आता चमकत नाहीत, पण त्याचं कारण रेडियम संपलं हे नव्हे. त्यातलं झिंक सल्फाइड काही दशकांत मरतं. रेडियमचं अर्धायुष्य मात्र सुमारे १,६०० वर्षांचं आहे. काच शाबूत असेल तोवर प्रदर्शनाला फारसा धोका नाही. काच उघडणं, काटा घासणं, रंग खरवडणं हे वर्ज्य. सुटी उपकरणं हवेशीर खोलीत, दुहेरी पिशवीत, चिठ्ठी लावून ठेवा. बंद कपाटात रेडॉन वायू साठतो.

बाकीची यादी भराभर सांगतो. ब्रेकची अस्तरं, एक्झॉस्टचं वेष्टण आणि इंजिनामागच्या अग्निरोधक भिंतीजवळची गास्केटं यांत अॅस्बेस्टॉस असू शकतो. पिवळ्या किंवा पिवळट हिरव्या प्रायमरमध्ये क्रोमेट असतं, त्याची धूळ कर्करोगकारक आहे. तो कोरडा घासायचा नाही. सोनेरी झाक असलेल्या पोलादी नट-बोल्टांवर कॅडमियमचा मुलामा असतो. त्यालाही घासू किंवा तापवू नका. काही जेट इंजिनांच्या मॅग्नेशियमच्या ओतीव भागांत थोरियम असतं. एफ-१६ या लढाऊ जेटच्या आपत्कालीन वीजसंचात हायड्राझीन हे विषारी इंधन असतं. लँडिंग गिअरचे शॉक स्ट्रट, हायड्रॉलिक अॅक्युम्युलेटर आणि ऑक्सिजनच्या बाटल्या दाबाखाली आहेत असंच समजून चाला. दोन तुकड्यांत जोडलेल्या चाकाचे बोल्ट तर टायरमधली हवा पूर्ण काढल्याशिवाय कधीच सैल करायचे नाहीत. चाकाचे दोन भाग तोफगोळ्यासारखे सुटतात.

विमान उडवायचं की नुसतं उभं ठेवायचं?

हा प्रश्न शेवटी नाही, सगळ्यात आधी सोडवावा लागतो, कारण दोन वाटा पहिल्या रिव्हेटपासून वेगळ्या होतात. उडणाऱ्या विमानात संशयास्पद तुकडा काढून नवा बसवणं हे कर्तव्य असतं. उभ्या विमानात तोच तुकडा जागेवर टिकवणं हे कर्तव्य असतं. ‘आत्ता संग्रहालयासाठी करू, पुढे जमलं तर उडवू’ या विचाराने दोन्ही घालवलेली विमानं पुष्कळ आहेत.

उडवण्यात फक्त यंत्राचा प्रश्न नसतो. व्हल्कन एक्सएच५५८ हे बॉम्बफेकी विमान पुनर्बांधणीनंतर २००७ मध्ये पुन्हा उडालं आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये कायमचं उतरलं. ते मोडलं म्हणून नव्हे, तर त्याच्या रचनेची तांत्रिक जबाबदारी घेणाऱ्या कंपन्यांनी पाठिंबा थांबवला म्हणून. २०२३ मध्ये अमेरिकेत बी-१७ या महायुद्धातल्या बॉम्बफेकी विमानांच्या पंखांच्या मुख्य जोडांत दोष दिसला आणि तपासणी होईपर्यंत सगळी उडणारी बी-१७ जमिनीवर आली. उड्डाणाच्या वाटेला लागायचं असेल तर रचनेची कागदपत्रं कोण देणार, सुट्या भागांना मंजुरी कोण देणार आणि दरवर्षीची तपासणी कोण सही करून देणार ही तीन नावं आधी कागदावर लिहा. एक जरी जागा रिकामी राहिली तर विमान उभंच ठेवा.

तिसरी वाट आहे: इंजिन चालू होईल, विमान धावपट्टीपर्यंत जाईल, पण उडणार नाही. प्रेक्षकांना ती आवडते. त्यात पंखांचा मूळ सांगाडा वाचतो, पण इंजिन, इंधन आणि आगीची जोखीम तशीच उरते.

‘मूळ’ विमान म्हणजे नेमकं किती मूळ?

बाजारात एक धातूची नोंदपट्टी, चार वाकडे तुकडे आणि बाकी सगळं नवं अशीही विमानं ‘मूळ’ म्हणून उभी राहतात. कायद्याच्या दृष्टीने ओळख पट्टीवरून आणि सलग कागदपत्रांवरून ठरते. इतिहासाच्या दृष्टीने मात्र ज्या पत्र्याला त्या काळच्या कामगाराचा हात लागला, तो पत्रा म्हणजे विमान. नवं विमान बांधण्यात काही गैर नाही. नव्याला जुनं म्हणण्यात आहे. म्हणून बसवलेल्या प्रत्येक नव्या भागावर, बाहेरून दिसणार नाही अशा ठिकाणी, वर्ष आणि खूण ठोकायची. पन्नास वर्षांनी येणाऱ्या माणसाला जुनं कोणतं आणि तुमचं कोणतं हे कोणालाही न विचारता कळलं पाहिजे.

किती वेळ लागतो?

अंदाज बांधाल त्याच्या तिप्पट. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेने ‘एनोला गे’ या बी-२९ बॉम्बफेकी विमानाचं काम १९८४ मध्ये हाती घेतलं. सुमारे ३,००,००० मनुष्यतास लागले आणि पूर्ण जोडलेलं विमान २००३ मध्ये लोकांसमोर आलं. ‘मेम्फिस बेल’ हे बी-१७ अमेरिकेतल्या डेटनच्या संग्रहालयात २००५ मध्ये आलं आणि मे २०१८ मध्ये प्रदर्शनात उभं राहिलं. एका आसनाच्या लढाऊ विमानालाही हजारो तास लागतात.

सुटं करताना काय चुकतं?

दोन गोष्टी. पहिली, आधार न देता सोडवणं. पत्र्याचं कवच हाच ज्या विमानाचा सांगाडा आहे, त्याचे तीन-चार पत्रे एकदम काढले की धड पिळवटतं, आणि मग नवे पत्रे भोकांना जुळत नाहीत. धड जिगमध्ये, म्हणजे आकार धरून ठेवणाऱ्या पक्क्या चौकटीत बसवा. इंजिनाचे, पंखांचे आणि शेपटीचे जोडबिंदू पक्के करा. मग एका वेळी एकच फ्रेम किंवा एकच पत्रा काढा, नवा बसवा, पुढे जा.

दुसरी, आठवणीवर विसंबणं. प्रत्येक भागाला ठोकलेल्या क्रमांकाची अॅल्युमिनियमची चकती तांब्याऐवजी अॅल्युमिनियमच्याच किंवा नायलॉनच्या दोऱ्याने बांधा, कारण तांबं अॅल्युमिनियमला लागून राहिलं तर गंज सुरू होतो. कागदी चिठ्ठी तेलात विरघळते. फोटो काढताना चकती, मोजपट्टी आणि ‘पुढची बाजू’ दाखवणारा बाण चौकटीत असू द्या. बोल्ट ज्या भोकातून निघाला त्याच भोकासाठी वेगळ्या पिशवीत. ‘सगळे एकसारखेच तर आहेत’ असं वाटतं, पण पकडीची लांबी एका घराने वेगळी असते आणि ते जोडताना कळतं.

रिव्हेट काढायचे आणि बसवायचे कसे?

काढताना: डोक्याच्या मधोमध टोकणी मारा. दांड्याच्याच मापाचा किंवा एक माप लहान ड्रिल घेऊन फक्त डोक्याच्या जाडीइतकंच भोक पाडा. मग त्या भोकात पिन घालून डोकं बाजूला तिरकं करून तोडा. मागून जड लोखंडी ठोकळ्याचा आधार देऊन उरलेला दांडा बारीक टोकणीने बाहेर ढकला. सरळ आरपार ड्रिल मारायचा मोह होतो. ड्रिल घसरतं, भोक लांबट होतं आणि मग मोठ्या मापाचा रिव्हेट घालावा लागतो. मोठा रिव्हेट म्हणजे कडेपासूनचं अंतर कमी. ते अंतर व्यासाच्या दुपटीखाली गेलं की पत्राच बदलावा लागतो. एका रिव्हेटची घाई पत्र्याला भोवते ती अशी.

बसवताना लांबीचं गणित: जोडायच्या पत्र्यांची एकूण जाडी अधिक व्यासाच्या दीडपट. १ मिमीचे दोन पत्रे आणि १/८ इंची, म्हणजे ३.२ मिमीचा रिव्हेट असेल तर २ + ४.८ = ६.८ मिमी. ठोकून तयार झालेलं डोकं व्यासाच्या दीडपट रुंद आणि निम्मं उंच हवं, म्हणजे इथे ४.८ आणि १.६ मिमी. याहून चपटं झालं तर कडा तडकतात, उंच राहिलं तर जोड सैल. १/८ इंची रिव्हेटला ३० क्रमांकाचं ड्रिल, ३/३२ ला ४० क्रमांकाचं, ५/३२ ला २१ क्रमांकाचं. भोक पाडल्यावर पत्रे वेगळे करून बुरा, म्हणजे भोकाच्या कडेला उभा राहिलेला धातूचा चुरा काढायचा. तो मध्ये राहिला तर पत्रे एकमेकांना टेकत नाहीत आणि त्या फटीत पाणी बसतं.

अमेरिकी रिव्हेटच्या डोक्यावरची खूण वाचायला शिका. मधोमध खळगा म्हणजे २११७ मिश्रधातू, तसाच ठोकायचा. मधोमध उंचवटा म्हणजे २०१७. दोन उठावदार रेघा म्हणजे २०२४. हा सुमारे ४९३ अंश सेल्सियसला तापवून पाण्यात विझवतात आणि लगेच फ्रीजरमध्ये ठेवतात. फ्रीजरमधून काढल्यावर १० ते २० मिनिटांत ठोकला नाही तर कडक होतो आणि ठोकताना तडकतो. म्हणून एका वेळी मूठभरच बाहेर काढायचे. साधा, बिनखुणेचा म्हणजे शुद्ध अॅल्युमिनियम. तो सांगाड्यात कुठेही चालत नाही, आणि नेमका तोच हार्डवेअरच्या दुकानातल्या रिव्हेटसारखा दिसतो.

नवा पत्रा कोणता घ्यावा?

जुन्या आराखड्यातलं मिश्रधातूचं नाव आजच्या नावात उतरवावं लागतं: अमेरिकी ‘२४एसटी’ म्हणजे आजचा २०२४-टी३. गेजच्या आकड्यावर भरवसा ठेवू नका. ब्रिटिश २२ गेज म्हणजे ०.०२८ इंच आणि अमेरिकी २२ गेज म्हणजे ०.०२५ इंच. मायक्रोमीटरने मोजा, तेही रंग काढलेल्या, गंज नसलेल्या जागी.

आट्यांचंही तसंच. ब्रिटिश विमानात ब्रिटिश आटे, अमेरिकी विमानात अमेरिकी, इतकं सोपं नाही: अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने बनवलेल्या मर्लिन या ब्रिटिश रचनेच्या इंजिनांना आटे ब्रिटिशच आहेत. दोन फेरे सहज फिरून मग अडणारा नट म्हणजे बहुधा चुकीचा आटा. पान्याला जोर लावायचा तो क्षण नव्हे.

गंज ओळखायचा कसा?

पत्र्यावरची पांढरी भुकटी सगळ्यांना दिसते आणि ती सगळ्यात कमी धोक्याची असते. खरा गंज दिसत नाही, जाणवतो.

दोन रिव्हेटांच्या मध्ये पत्रा उशीसारखा फुगलाय का, ते दिव्याचा प्रकाश पत्र्याला चाटून जाईल असा तिरपा धरून बघा. अॅल्युमिनियमचा गंज मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे आत साचलेला गंज पत्र्यांना एकमेकांपासून ढकलतो. रिव्हेटची डोकी ताणली जातात, कधी उडून जातात. रिव्हेटच्या मागे वाऱ्याच्या दिशेने काळी शेपूट ओढलेली दिसली तर तो रिव्हेट हलतोय.

स्पारच्या, म्हणजे पंखाच्या मुख्य तुळईच्या, जाड पट्ट्यांची आडवी कड नखाने चाचपा. पुस्तकाच्या पानांसारखे पापुद्रे सुटत असतील तर तो स्तरक्षरणाचा प्रकार, धातूच्या कणांच्या सीमांमधून आत शिरलेला. ७०७५-टी६ सारख्या जस्ताच्या मिश्रधातूंमध्ये तो वारंवार भेटतो. तो वरवर घासून जात नाही. घासत राहिलं की धातूच संपतो.

पोलादी बोल्ट आणि अॅल्युमिनियम, किंवा पोलाद आणि मॅग्नेशियम, जिथे भेटतात तिथे मधला प्रायमर गेला की कमकुवत धातू खाल्ला जातो. मॅग्नेशियमची चाकं आणि गिअरबॉक्सची घरं रंगाखाली फोड येऊन गंजू लागतात. फोड फोडला की आत राखाडी चुरा निघतो.

तडे शोधायला रंगद्रव्याची तपासणी स्वस्त आणि चांगली आहे: भाग स्वच्छ, द्रव्य लावा, १० ते ३० मिनिटं मुरू द्या, फडक्याने पुसा, विकासक (तड्यातलं द्रव्य वर ओढून दाखवणारी पांढरी पूड) फवारा, १० मिनिटं थांबा. द्रावक थेट भागावर फवारून धुतलं तर तड्यातलंही द्रव्य निघून जातं. आणि आधी मण्यांच्या माऱ्याने किंवा कागदाने घासलेल्या भागावर निकाल कोरा येऊ शकतो, कारण मऊ धातू तड्याच्या तोंडावर लिंपला जातो. तपासणी आधी, साफसफाई मग.

मग गंज काढायचा कशाने?

अॅल्युमिनियमसाठी नायलॉनचे घासणीचे पॅड, अॅल्युमिनियमची लोकर, बारीक अॅल्युमिनियम ऑक्साइडचा कागद. पोलादी लोकर आणि पोलादी ब्रश नकोत: त्यांचे कण पत्र्यात रुततात आणि प्रत्येक कण नव्या गंजाचं बी होतो. कार्बोरंडमचा कागदही टाळा.

गंज संपला असं वाटल्यावर आणखी थोडं घासून खळगा उथळ बशीसारखा करा, खोलीच्या निदान दहापट रुंदीचा. मग उरलेली जाडी मोजा आणि पुस्तिकेतल्या मर्यादेशी ताडून पाहा. त्यानंतर क्रोमेट किंवा त्रिसंयुजी क्रोमियमचा रूपांतरण-लेप, आणि त्याच दिवशी प्रायमर. रात्रभर उघडा ठेवलेला पत्रा सकाळी पुन्हा ऑक्साइड धरतो आणि प्रायमर नीट चिकटत नाही.

पत्र्यावर खुणा करायला शिसपेन्सिल वापरू नका. ग्रॅफाइट म्हणजे कार्बन, आणि ओल लागली की त्या रेघेवर पत्रा कुरतडला जातो. जेट इंजिनाच्या तप्त भागांवर तर पेन्सिलीची रेघ पुढे तड्याची रेघ होते.

लँडिंग गिअरचा गंज आम्लाने काढला तर चालेल का?

नाही. लँडिंग गिअरचं उच्च ताकदीचं पोलाद आम्लात हायड्रोजन शोषतं आणि आतून ठिसूळ होतं. बाहेरून चकचकीत दिसतं आणि नंतर, कधी नुसत्या उभ्या भाराखाली, मोडतं. यांत्रिक पद्धतीनेच साफ करा. पुन्हा कॅडमियमचा मुलामा दिला तर ४ तासांच्या आत सुमारे १९० अंश सेल्सियसला भट्टीत ठेवून हायड्रोजन बाहेर काढावा लागतो. फार कडक पोलादाला २३ तासांपर्यंत. मुलामा देणाऱ्याला ही भट्टी ठाऊक नसेल तर काम दुसरीकडे न्या.

समुद्रातून किंवा बर्फातून काढलेल्या विमानाचं काय?

आधी कायदा. ब्रिटनमध्ये १९८६ च्या लष्करी अवशेष संरक्षण कायद्याने कोसळलेल्या लष्करी विमानांच्या सगळ्या जागा आपोआप संरक्षित आहेत. अमेरिकेत बुडालेल्या लष्करी विमानांसाठी २००४ चा कायदा आहे. शिवाय त्यात माणसांचे अवशेष असू शकतात.

तांत्रिक बाजू अशी: पाण्यातून काढलेलं विमान सुकू द्यायचं नाही. मीठ धातूच्या सांध्यांत आणि गंजाच्या थराखाली असतं. सुकताना ते स्फटिक होऊन फुगतं आणि हवेतला ऑक्सिजन क्लोराइडच्या मदतीने उरलेला धातू काही आठवड्यांत खातो. इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ गुडविन सँड्स इथे ऑगस्ट १९४० मध्ये पडलेलं डॉर्निअर १७ हे जर्मन बॉम्बफेकी विमान जून २०१३ मध्ये वर काढलं, तेव्हा कॉसफर्डच्या संग्रहालयात त्याला प्लॅस्टिकच्या बोगद्यात ठेवून सौम्य सायट्रिक आम्लाच्या फवाऱ्याने दीर्घकाळ धुण्यात आलं. घरगुती पातळीवर यातलं काहीही करू नका. फवारा, निचरा आणि पाण्यातल्या क्लोराइडचं मोजमाप यांची सोय जमिनीवर तयार असेल तरच दोरी ओढायची.

बर्फात मीठ नसतं, पण वजन असतं. ग्रीनलँडमध्ये जुलै १९४२ मध्ये उतरलेलं पी-३८ हे अमेरिकी लढाऊ विमान १९९२ मध्ये २६८ फूट बर्फाखालून तुकड्यातुकड्याने वर आलं आणि २००२ मध्ये उडालं; मधली दहा वर्षं चेपलेल्या सांगाड्यात गेली.

लाकडी विमानांना वेगळं काय लागतं?

मॉस्किटो हे ब्रिटिश विमान सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण. पहिलं उड्डाण २५ नोव्हेंबर १९४०. बर्चच्या प्लायवुडच्या दोन थरांमध्ये बाल्सा, आणि धड उभ्या मध्यरेषेवर दोन अर्ध्या शिंपल्यांसारखं बनवून मग जोडलेलं. यात लाकूड क्वचित दगा देतं. दगा देतो तो सरस. सुरुवातीचा केसीन सरस दुधापासूनचा, ओल आणि उष्णता मिळाली की त्याला बुरशी लागते. पुढे फॉर्माल्डिहाइडचे सरस आले.

नाण्याने टकटक करत पृष्ठभागावरून फिरा. खणखणीत आवाज जिथे बद्द होतो, तिथे थर सुटलेत. खडूने घेरा करा. लाकडातली ओल ८ ते १२ टक्क्यांच्या दरम्यान असावी. नवा तुकडा जोडताना उतरता जोड द्या, जाडीच्या १२ पट लांबीचा: ३ मिमी प्लायसाठी ३६ मिमी. सरस लावण्याआधी त्याच दिवशी पृष्ठभाग हलका घासा. शिकंजा गच्च आवळून सगळा सरस बाहेर पिळून काढला तर जोड उपाशी राहतो आणि सुटतो. कडेने एकसारखी बारीक माळ दिसली की दाब पुरे.

इपॉक्सी फटी चांगल्या भरतं, पण उन्हात तापून मऊ पडतं. गडद रंगाच्या पंखासाठी रिसॉर्सिनॉल सरस बरा.

कापड कधी बदलायचं?

उडणाऱ्या विमानात ताकद मोजून. ‘ग्रेड ए’ सुती कापडाची नव्याची ताकद इंचाला ८० पौंड धरतात. ५६ च्या खाली गेलं की ते काढायचं. संग्रहालयात युद्धकाळचं कापड, त्यावरच्या खुणांसकट, काढायचंच नाही. मागून आधार देऊन टिकवायचं.

पॉलिस्टरचं कापड इस्त्रीने आवळतं: पहिला हात सुमारे १२० अंश सेल्सियसला, शेवटचा सुमारे १७५ ला. इस्त्रीवरच्या आकड्यांवर विश्वास न ठेवता थर्मामीटरने मोजा. त्याहून तापलं तर कापड सैल पडतं आणि पुन्हा आवळत नाही. डोप म्हणजे कापड आवळून भरणारं रोगण: नायट्रेट डोपवर ब्युटिरेट डोप चालतो, उलट चालत नाही. नायट्रेट भडकून पेटतं, म्हणून कोरडं घासणं बंद, आणि सांगाडा जमिनीशी तारेने जोडलेला.

इंजिन कित्येक वर्षं फिरलेलं नाही. फिरवू का?

रेडियल इंजिन (सिलिंडर चक्राच्या आऱ्यांसारखे गोल मांडलेलं) असेल तर आधी खालच्या सिलिंडरांचे स्पार्क प्लग काढा. तेल झिरपून खालच्या सिलिंडरांत जमतं. तेल दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. वाकलेला रॉड तेव्हाच मोडत नाही, काही तासांनी हवेत मोडतो. तेल निथळल्यावर आणि आत कॅमेऱ्याने गंज तपासल्यावर पंखा (प्रोपेलर) हाताने नेहमीच्या दिशेनेच फिरवा, निदान ९ ते १२ पाती मोजून. अडला तर थांबा. उलटा फिरवून ‘मोकळा’ करणारे लोक असतात. त्याने तेल सेवन-नळीत ढकललं जातं आणि इंजिन चालू होताच परत आत येतं. मॅग्नेटो (स्पार्क प्लगना वीज देणारा जनित्र) बंद असला तरी पंखा जिवंत आहे असं समजूनच त्याच्याजवळ उभं राहा.

इंजिन साठवायचं असेल तर गंजरोधक तेल सिलिंडरांत फवारून, स्पार्क प्लगच्या जागी सिलिका जेलच्या डब्या लावून, सगळी तोंडं बंद करा. निळे दाणे गुलाबी झाले की बदला.

चालवायचं असेल तर आधी बाहेरून दाबाने तेल भरा; कोरड्या बेअरिंगवरचे पहिले दहा सेकंद वर्षभराच्या उड्डाणापेक्षा महाग पडतात. इग्निशनला दुय्यम समजू नका: २ ऑक्टोबर २०१९ रोजी कनेक्टिकटमध्ये कोसळलेल्या बी-१७ मध्ये ७ जण गेले, आणि तपासात दोन इंजिनांच्या मॅग्नेटो आणि स्पार्क प्लगमधले दोष समोर आले. तात्पुरत्या इंधनटाक्या तर नकोतच. ग्रीनलँडच्या बर्फावर दुरुस्त केलेलं ‘की बर्ड’ हे बी-२९ १९९५ मध्ये उड्डाणाआधी धावतानाच जळालं. आग मागच्या सहायक वीजसंचाच्या जुगाडाच्या इंधनातून लागली होती.

जुना रंग खरवडून नवा द्यावा का?

आधी तो वाचा. बारीक ओल्या कागदाने रुपयाएवढी जागा गोल-गोल घासत गेलं की झाडाच्या वर्तुळांसारखे थर उघडे पडतात: सर्वांत आत प्रायमर, मग कारखान्याचा रंग, मग प्रत्येक तुकडीचा. अशा जागा दारांच्या आत, पट्ट्यांखाली, उपकरणांच्या मागे निवडा. तिथे ऊन पोचलेलं नसतं. रंग दिवसाच्या प्रमाणित प्रकाशात रंगपट्टीशी जुळवा. जुन्या रंगीत छायाचित्रावरून रंग ठरवू नका. फिल्मचाही स्वतःचा रंग उतरलेला असतो. तपासनिसाचे शिक्के आणि कारखान्यातल्या कामगारांच्या सह्या बहुधा आतल्या प्रायमरवर असतात. आतला प्रायमर शाबूत असेल तर तो उतरवू नये.

विमान आरशासारखं चकचकीत केलं तर काय बिघडतं?

संरक्षक थर दिलेल्या १ मिमी जाड पत्र्यावर शुद्ध अॅल्युमिनियमचा थर प्रत्येक बाजूला साधारण ५ टक्के, म्हणजे ०.०५ मिमी. पॉलिशचा प्रत्येक हात तोच खातो. आणि युद्धातली विमानं इतकी चकचकीत कधी नव्हतीच. एकदा स्वच्छ करून सूक्ष्मस्फटिकी मेणाचा हात द्या.

कॅनॉपीची काच धूसर झालीय.

ती काच नाही, अॅक्रिलिक आहे. पेट्रोल, अॅसिटोन, अमोनिया असलेला काचेचा साबण यांनी तिला जाळीदार तडे जातात आणि ते परत जात नाहीत. भरपूर पाण्याने हाताने धुवा. कोरडं फडकं कधीच नको. ओरखडे १५०० पासून १२००० पर्यंतच्या गादीवजा कागदांनी, प्रत्येक टप्प्यात दिशा बदलून काढा. नवी बसवताना स्क्रूची भोकं मोठी ठेवा: अॅक्रिलिक अॅल्युमिनियमच्या सुमारे तिप्पट प्रसरण पावतं, घट्ट भोकापासूनच तडा सुरू होतो.

हँगरची हवा कशी असावी?

सापेक्ष आर्द्रता ४० ते ५० टक्के. त्याहून कोरडी झाली तर लाकूड आणि चामडं तडकतं, ओली झाली तर धातू गंजतो. आकड्यापेक्षा चढउतार वाईट. रात्री थंड झालेला धातू सकाळी दमट हवेत घामाघूम होतो. तेव्हा दारं सताड उघडू नका, धातू तापेपर्यंत थांबा.

आमच्याकडे हँगर नाही. उघड्यावरच ठेवायचंय.

मग वर्षातून दोनदा निचऱ्याची भोकं, दरमहा पक्ष्यांची घाण, आणि दर पावसाआधी सांध्यांवरचा सीलंट तपासायचा. इंजिनाची तोंडं जाळी लावून बंद करा, हवाबंद करू नका. कॅनॉपीचं आवरण श्वास घेणाऱ्या कापडाचं. ताडपत्रीखाली कॉकपिटमध्ये वाफ साचते. विमान वाऱ्याने हलू नये म्हणून आत वाळू किंवा काँक्रीट भरण्याचा उपाय अजूनही केला जातो. तो करू नका: भरलेल्या मालात ओल धरून राहते आणि पत्रा आतून जातो. जमिनीतल्या नांगरांना दोर बांधा.

वजन टायरवर सोडू नका. जॅकिंगच्या जागांखाली किंवा अॅक्सलखाली पोलादी घोडे, मध्ये रबराची किंवा लाकडाची गादी, आणि चाक जमिनीपासून बोटभर वर. मूळ टायर असेल तर त्याचा उन्हाकडचा भाग झाका आणि आत आकार धरण्यापुरतीच हवा ठेवा.